फटफटीचं पेट्रोल कुठं जातं

लढाईच्या दिवसांत गोंदियात पेट्रोल कुपनावर मिळायचं. नंदलाल शेठच्या लाखेच्या कारखान्याला दर महिन्याला जी काही कुपनं मिळत, ती सगळी एकटी फटफटी पिऊन टाकायची. देश सोडून निघालेल्या एका जंगलसाहेबाकडून शेठनं ती घेतली होती. काळी, वजनदार, आणि घेतली तेव्हाच जुनी. बाजूला एका चाकाची गाडी जोडलेली. तिला गोंदियाजवळच्या कुडव्यातले लोक पाळणा म्हणत. पाळण्यात माणूस क्वचितच बसे, लाखेची पोतीच बसत.

फटफटी चालवायचा देवचंद. नवेगाव बांधाकडचा, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातला, पण लग्नानंतर या कामासाठी कुडव्याला येऊन राहिलेला. सडक अर्जुनी, नवेगाव आणि त्यापलीकडची जंगलातली गावं फिरायची, पळसावरची लाख पारखून घ्यायची आणि कारखान्यात आणून टाकायची, हे त्याचं काम. गडी अबोल, पण हात स्वच्छ. निदान त्या कार्तिकापर्यंत तरी त्याच्याविषयी कुणी वेगळं बोललं नव्हतं.

एका सकाळी शेठ स्वतः कुडव्याला आला. अंगणात उभ्या फटफटीभोवती एक चक्कर मारून त्यानं विचारलं, "कूपन कितने बचे, देवचंद?"

"संपले, शेठ."

"अभी तो आधा महिना भी नहीं हुआ. गाडी पेट्रोल पीती है, या कोई और पीता है?"

देवचंदचा चेहरा उतरला. "शेठ, देवाची आन. एक थेंब विकला असंल तर हात झडतीन माझे."

"ब्लॅकमध्ये काय भाव चालू आहे, मला ठाऊक आहे," शेठ आता मराठीत, पण तितक्याच थंडपणे म्हणाला. "या महिन्याच्या आखिरपर्यंत सांग, पेट्रोल जातं कुठं. नाही सांगितलं तर चावी माझ्या भाच्याकडे."

दाराआड सूप हातात धरून गंगा हे ऐकत होती. नवऱ्यानं शपथ घेतली ती पेट्रोल न विकल्याची. फटफटी दुसरीकडे कुठं नेली नाही, असं मात्र तो बोलला नाही. हे तिच्या मनात टोचलं आणि मग दिवसभर टोचतच राहिलं.

तशी ती वर्षभरापासून अस्वस्थच होती. पूर्वी नवेगावची खेप करून देवचंद उन्हं कलायच्या आत घरी येई, हल्ली दिवेलागणीला येई. रस्ता सगळा लाल मुरमाचा, पण पाळण्याच्या चाकाला काळी चिकण माती लागलेली असे. कणगीतले तांदूळ दोन माणसांच्या मानानं लवकर खाली जात. विचारलं की तो म्हणे, "काही नाही," आणि हात धुवायला उठून जाई. गंगाला मूल नव्हतं. आईबाप गेल्यावर तिनं धाकट्या भावाला, पुनारामला, पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि तोही दीड वर्षापूर्वी कलकत्त्याकडं गिरणीत लागतो म्हणून निघून गेला होता. घरात बोलायला नवरा एकटा. आणि तो बोलत नव्हता. शेजारच्या प्रेमिलेनं एकदा विहिरीवर हसत हसत म्हटलं होतं, "फटफटीवाल्या माणसाले दुसरं घर कितीसं दूर असते, गंगे?" गंगानं घागर तशीच अर्धी भरून उचलली होती.

शेठ गेल्यावर ती बाहेर आली. "आता का करून राहिले तुम्ही?"

"पाहतो मशीनले."

"मीही पाहतो," गंगा म्हणाली.

देवचंदनं तिच्याकडं पाहिलं. तिचा काय हेतू आहे हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं नको म्हटलं नाही.

त्या दिवसापासून अंगणात हीच पूजा मांडली गेली. आधी त्यानं टाकीखाली, नळीखाली जुना कागद अंथरला. तासभरानं उचलला तर कोरडा ठणठणीत. मग प्लग काढला. त्याच्या तोंडावर काजळी मखमलीसारखी बसली होती.

"हे काळं काऊन?" गंगानं विचारलं.

"पेट्रोल जास्त जाऊन राहिलं आत. सारं जळत नाही, मग काजळी धरते. चुलीत ओलं लाकूड घातल्यावानी."

म्हणजे जातंय ते आतूनच जातंय, हे त्याला खरोखर नवीन होतं, आणि त्याच्या आवाजातला तो हुरूप गंगाला ओळखू आला. तिला उलट राग आला. हा माणूस मशीनसाठी एवढा खूश होतो!

मागचं चाक उचलून त्यानं हातानं फिरवलं. एक फेराही न घेता ते थांबलं. ब्रेक घासत होता. त्यानं तो सैल केला, साखळीला तेल पाजलं, हवा घेणाऱ्या जाळीतली धूळ झटकली. मग एक बाटली पेट्रोल मोजून टाकीत घातलं आणि म्हणाला, "बस पाळण्यात. बंद पडेपर्यंत नेतो. तूच पाहा किती जाते ते."

गंगा पहिल्यांदाच त्या पाळण्यात बसली. गुडघ्याशी लाखेचा उग्र वास, कानात नुसता फटफट आवाज, दोन्ही हातांनी कड धरलेली. गोरेगावच्या रस्त्याला धान कापणाऱ्या बाया विळे थांबवून बघत होत्या. आंबराई येताच फटफटी खोकली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"एवढंच?"

"याच्या दुप्पट जावाले पाह्यजे," देवचंद म्हणाला. घाम त्याच्या भुवईवरून खाली येत होता. दोघांनी ती जड गाडी ढकलत घरी आणली.

दोन दिवस तो खेपेला गेला नाही. गंगाही स्वस्थ बसेना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडी, तांदूळ निवडता निवडता उठून फटफटीपाशी येई. अशीच येऊन तिनं एकदा विचारलं, "कागद ठेवला तवा टाकीचा नळ बंद होता का चालू?"

"बंद. उभी केली की नळ बंद करायची सवय हाय मले. साहेबानंच शिकवली."

"चालवताना तर चालू असते. तसा ठेवून पाहा."

देवचंदनं नळ उघडला आणि दोघंही उकिडवं बसले. काही वेळ काहीच झालं नाही. मग इंजिनाजवळच्या पितळी वाटीच्या झाकणाखाली ओलसर कड दिसली, ती जाड झाली आणि थेंब टपकला. मग दुसरा.

"कारबुरेटर," तो पुटपुटला. नळ बंद करून त्यानं झाकण काढलं. वाटीत पेट्रोलवर एक पितळी डबी तरंगायची असते. पेट्रोल पुरेसं वर आलं की ती वर उचलली जाते आणि तिच्यातली सुई पेट्रोल येण्याची वाट बंद करते, असं त्यानं गंगाला समजावून सांगितलं. इथं डबी नीट तरंगत नव्हती. एका अंगानं बुडून बसली होती.

गंगानं ती त्याच्या हातातून घेतली. सुपारीहून मोठी, खोबऱ्याच्या वाटीहून लहान, आणि चहूबाजूंनी बंद. नारळ घेताना हलवतात तशी तिनं ती कानाशी नेऊन हलवली. आत चुळुक झालं.

"अवो, हिच्या पोटात पाणी हाय."

"पाणी नाही," देवचंद उठूनच उभा राहिला, "पेट्रोल! फुटकी हाय ती. जड झाली, म्हणून वर उचलत नाही, म्हणून वाट बंद होत नाही!"

भोक डोळ्याला दिसत नव्हतं. गंगानं चुलीवर पाणी उकळवलं. देवचंदनं ते चुलीपासून लांब, अंगणाच्या टोकाला नेऊन डबी त्यात बुडवून धरली. डबीच्या शिवणीतून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक रांग निघाली. बुडबुडे थांबेपर्यंत त्यानं डबी धरून ठेवली, आतलं सगळं उडून जाऊ दिलं, आणि त्या जागी खिळ्यानं खूण केली. मनिराम कासारानं तिथं कथलाची झाळ लावून दिली. पहिल्यांदा त्यानं जरा सढळ हातानं लावली, तर डबी पुन्हा जड झाली आणि वाटी भरून वाहू लागली. दुसऱ्या खेपेला जास्तीचं कथील कानशीनं घासून काढलं, तेव्हा कुठं ती सरळ तरंगली.

पुन्हा बाटली मोजली, पुन्हा गंगा पाळण्यात बसली. आंबराई मागं गेली. पुढचा नाला गेला, त्यापुढचं गाव गेलं, आणि फटफटी आपली चालतच राहिली. देवचंद मान मागं टाकून मोठ्यानं हसला. त्याला असं हसताना गंगानं किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तीही हसली.

शेठनं फुटकी डबी, झाळ, बाटलीची गोष्ट सगळं ऐकून घेतलं. "ठीक है," एवढंच म्हणाला, आणि पुढच्या महिन्याची कुपनं देवचंदच्याच हातात दिली.

इथं गंगाचा जीव शांत व्हायला हवा होता. झालं उलटंच. आता एका बाटलीत फटफटी किती जाते हे तिला नवऱ्याइतकंच ठाऊक होतं. नवेगावच्या पहिल्या खेपेला तो निघाला तेव्हा टाकी भरलेली होती. तो परत आला, पाय धुवायला विहिरीवर गेला, आणि तिनं बांबूची काडी टाकीत बुडवली. काडी जिथं ओली व्हायला हवी होती त्याच्या बरीच खाली ओली झाली. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिनं पाळण्याचं चाक पाहिलं. मुरूम होता, आणि त्यावर काळी चिकण माती.

देवचंद जेवायला बसला तेव्हा तिनं ताट पुढं ठेवलं आणि काडी ताटाशेजारी ठेवली.

"हे का होय?"

"तुमच्या टाकीतली काडी. नवेगाव होऊन आणखी कुठी जाता तुम्ही?"

"मशीन जुनं हाय, गंगे. कमीजास्त..."

"मशीनचं नाव नोका घेऊ आता," ती म्हणाली. "डबी फुटकी होती तवरि तुमचं लपून गेलं. आता मशीन बरोबर हाय. कोण हाय ती? सांगून टाका एकदाचं. मी रडत नाही."

देवचंदनं घास खाली ठेवला.

"बाई नाही कोणी."

"मग?"

"मी शपथ घेतली हाय. तोंडानं सांगणार नाही. उद्या चल माझ्यासोबत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. गंगानं भाकरी बांधून घेतल्या होत्या, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. गोरेगाव गेलं, मोठी सडक ओलांडली, थंडीनं तिचे कान बधिर झाले. मनात ती एकेक चेहरा आणून पाहत होती. कुणाची विधवा, कुणाची टाकलेली, एखादी गोंडीण. नवेगावचा बांध दिसला. अफाट पाणी, त्यावर बदकांचे थवे, काठावर जाळी वाळत घातलेली. हे तिचं माहेर. पण देवचंद गावात वळला नाही. बांधाच्या कडेनं जंगलात घुसणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला त्यानं फटफटी घातली. काळी चिकण सुरू झाली. चाकं रुतत, तो उतरून ढकली, पुन्हा बसे. शेवटी एक जुना, आता कुणी वापरत नसलेला लहानसा तलाव आला. त्याच्या बांधाच्या पाळीवर पळसाच्या पानांनी शाकारलेली एक खोपडी होती.

फटफटीचा आवाज ऐकून खोपडीतून एक माणूस बाहेर आला. घोंगडी डोक्यावरून घेतलेली. पाळण्यात बाई बसलेली दिसताच तो मागं सरला.

"भाऊजी! कायले आणलं तिले?"

आवाज ऐकून गंगा पाळण्यातून उतरली की पडली, तिलाच कळलं नाही. "पुन्या?"

"तिथंच राह्य, बाई. पुढे नोको येऊ." त्यानं हात आडवा धरला, आणि तो हात तिनं पाहिला. दोन बोटं आखडून तळव्याकडं वळली होती. कानाच्या पाळ्या सुजून जाड झाल्या होत्या. भुवया नव्हत्या.

"तू कलकत्त्याले..."

"गेलोच नाही. अंगावर चट्टे उठले तवाच समजलं. गावानं हाकललं असतं, आणि तू मले घरात घेतलं असतं तर तुलेही हाकललं असतं. म्हणून भाऊजींच्या हातावर पाणी सोडून शपथ घ्यायाले लावली. तुले नाही सांगाचं म्हणून."

गंगा देवचंदकडं वळली. "दीड वर्ष! दीड वर्ष तुम्ही मले सांगत राहिले, गिरणीतल्या माणसाकडून निरोप आला, पोरगं खुशाल हाय! आणि मी तुम्हाले..." काय समजत होते, हे तिला म्हणवलं नाही. तिनं त्याच्या छातीवर मुठी मारल्या. तो मारू देत राहिला. मग ती पुनारामकडं वळली आणि सरळ चालू लागली.

"बाई, नोको म्हणतो ना!"

"गप बस, बह्याडा. तुझं गू काढलं हाय मी." ती त्याच्यासमोर मातीत बसली, भाकरीचं फडकं सोडलं. "जेव."

तो जेवला. आखडलेल्या बोटांनी त्याला घास नीट धरता येईना, तेव्हा तिनं तोडून दिले. तो खाली मान घालून खात होता आणि नाकातून पाणी गळत होतं. देवचंद लांब पाळीवर पाठ करून बसला होता.

परतताना गंगानं विचारलं, "दवाखाना नाही का याचा?"

"रायपूरच्या रस्त्याले मिशनवाल्यांचा हाय. सुया देतेत, ठेवूनही घेतेत. पण न्यायचं कसं? रेल्वेत चढू देत नाहीत. बैलगाडीनं न्यायचं तर वाटेतल्या दर गावात लपवत न्या."

"फटफटीनं?"

"एका दिवसाची वाट हाय, गंगे. महिन्याचं पेट्रोल जाईल. शेठ मले जेलात टाकंल."

दुसऱ्या सकाळी देवचंदला न सांगता गंगा पायीच कारखान्यावर गेली. शेठ गादीवर बसला होता. ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि पदर सावरून म्हणाली, "शेठजी, डबी फुटकी होती हे खरं. पण तेवढंच खरं नाही. बाकीचं पेट्रोल माझा नवरा माझ्या भावापाशी जायाले जाळत होता. भावाले महारोग हाय. जंगलात एकटा पडला हाय. त्याले मिशनच्या दवाखान्यात न्यायाले तुमची फटफटी पाह्यजे. एकच खेप."

शेठ हातातला तराजू ठेवून मागं सरकला. कारकून घनश्यामनं नाकाला धोतराचा सोगा लावला. शेठनं तिच्याकडं न पाहता विचारलं,

"महारोगी मेरे पाळणे में बैठेगा?"

"होय."

"और देवचंदने मुझसे झूठ बोला."

"नाही. विकलं नाही म्हणाला, ते खरंच होतं. पण सारं नाही सांगितलं." ती थांबली. "मलेही नाही सांगितलं."

"ले जाओ," शेठ शेवटी म्हणाला. "एकच खेप. माझी पोती त्या पाळण्यात पुन्हा बसणार नाहीत, तो तिथंच सोडून या. आणि परत आल्यावर चावी भाच्याला. देवचंदला बैलगाडीचं काम देईन, दुसरं नाही." मग जरा खालच्या आवाजात, जणू स्वतःवरच चिडून, "कूपन घनश्याम से ले लेना."

देवचंदला हे सांगितलं तेव्हा तो रागावेल असं गंगाला वाटलं होतं. त्यानं फक्त फटफटीच्या टाकीवर हात फिरवला आणि डबीची झाळ पुन्हा एकदा तपासायला बसला.

तलावापाशी पोचले तर पुनाराम यायला तयार होईना. दवाखान्यातून माणूस परत येत नाही म्हणाला, इथंच मरू द्या म्हणाला. गंगानं त्याची घोंगडी, गाडगं, सगळं उचलून पाळण्यात टाकलं. "आता खोपडीत का हाय तुझं? चल." तो बसला. ती देवचंदच्या मागं बसली. मोठ्या सडकेला लागल्यावर फटफटीनं वेग घेतला तसं पुनारामच्या डोक्यावरून घोंगडी उडून मागं गेली. तो ती धरायला वळला, आणि एकदम हसायला लागला. लहानपणी बांधावरून पाण्यात उडी मारताना हसायचा तसा. समोरून येणाऱ्या लष्करी ट्रकांतले शिपाई त्याच्याकडं पाहत होते. त्यानं चेहरा झाकला नाही. गंगाला मात्र एक क्षणही चैन नव्हतं. नवऱ्याच्या खांद्यावरून ती सारखी इंजिनाकडं बघे, ओलं काही दिसतं का, वास येतो का. वाटेत तीनदा तिनं थांबवायला लावून टाकीत काडी बुडवली.

पेट्रोल पुरलं. दवाखान्याच्या दारात एका नर्सनं पुनारामचं नाव, गाव विचारलं, आणि हाताला धरून, खरोखर हाताला धरून, आत नेलं. गंगा ते पाहत उभी राहिली. देवचंदनं चार नट काढून पाळणा सोडवला आणि दवाखान्याच्या माळ्याला दिला.

चावी शेठच्या भाच्याकडं गेली. देवचंद बैलगाडी हाकू लागला. खेपेला आता तीन दिवस लागत, पण निघताना तो गंगाला कुठं जातो, कुणाच्या घरी उतरतो, सगळं सांगून निघे. तिनं न विचारताही. गावात बातमी पसरलीच. प्रेमिलेनं बरेच दिवस तिच्यासोबत विहिरीवर घागर लावली नाही. गंगा आपली उन्हं वर आल्यावर एकटी जाऊन पाणी आणी. रागही येई, पण दम धरून ती घागर भरून घरी परते.

चैत्रात दोघं रेल्वेनं पुनारामला भेटायला गेले. तो अंगानं जरा भरला होता. सुयांनी दुखतं, ताप येतो म्हणाला. बोटं काही सरळ होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणत होता. पण चट्टे थांबले होते. बाकी तक्रार त्याची जेवणाची होती.

"बाई, इथं वरणाले चवच नाही. मिरची घालतच नाहीत. लाखोळीची डाळ तर या लोकांनी पाहिलीसुदा नाही."

"मागच्या वर्षी जंगलात काय पंगती उठत होत्या तुझ्यासाठी?" गंगा म्हणाली.

"तवा भाऊजी आणत होते ना तुझ्या कणगीतून."

गंगानं देवचंदकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"पुढल्या खेपेले आणतो," ती म्हणाली. "लाखोळी आणि मिरचीही."